अँटिबायोटिकवर पुरळ आलं आणि फाईलवर 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहून दिलं, आता हे औषध कायमचं बंद का?

गोरेगावची_आई
नमस्कार मंडळी, एरवी मी फक्त वाचून जाते, पण आज लिहितेय कारण घरात प्रत्येकाचं वेगळंच चाललंय आणि डोकं नुसतं भणभणलंय.

मुलगा साडेचार वर्षांचा. मागच्या महिन्यात त्या धो धो पावसाच्या आठवड्यात कान दुखायला लागला, ताप १०२ च्या वर, रात्रभर कानाला हात लावून रडला. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले म्हणून स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होमला नेलं. त्यांनी कानात बघून सांगितलं पडदा लाल झालाय, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनिकचं (हे पेनिसिलिनच्याच घरातलं अँटिबायोटिक) ड्राय सिरप दिलं, ते पाणी घालून हलवून फ्रीजमध्ये ठेवायचं असतं ते. ताप दोन दिवसांत उतरला, कानही शांत झाला, फक्त पोट बिघडलं, दिवसातून चार-पाचदा पातळ होत होती. मग कोर्स संपत आला तेव्हा, पाचवा दिवस असेल किंवा सहावा, संध्याकाळी आंघोळीला कपडे काढले तर पोटावर पाठीवर बारीक लाल पुरळ. दुसऱ्या दिवशी हातांवर, मांड्यांवर उतरलं. खाज अगदी थोडी. तोंडावर सूज नाही, श्वास व्यवस्थित, आणि पोरगा सोफ्यावरून उड्या मारतोय.

परत तिथेच नेलं तर त्या दिवशी दुसरेच डॉक्टर ड्यूटीला, त्यांनी शर्ट जेमतेम वर करून बघितला, औषध बंद करा म्हणाले आणि फाईलच्या कव्हरवर लाल पेनाने 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढे कधीही द्यायचं नाही, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं हे सांगायचं. झालं, तीन मिनिटांत बाहेर.

आता सासूबाई म्हणतात हे यायचंच होतं, सासऱ्यांना पण पेनिसिलिन चालायचं नाही, घराण्यातच आहे. नवरा म्हणतो लॅबमध्ये अ‍ॅलर्जीचं पॅकेज असतं, शंभर-दोनशे गोष्टींचं एकदम निघतं, ते करून टाकू, पैसे जाऊदेत. शाळेचा मेडिकल फॉर्म पण भरायचाय, त्यात अ‍ॅलर्जीचा कॉलम आहे. हे खरंच आयुष्यभराचं असतं का? टेस्ट कुठली करायची? आणि धाकटी आठ महिन्यांची आहे, तिलाही द्यायचं नाही का मग?

कौलारू_चाळ
ताई एवढं काही नाही हो. पावसाळ्यात मुंबईतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर काही ना काही उठतंच, कधी घामोळं, कधी व्हायरल. आमच्याकडे कडुलिंबाचा पाला टाकून आंघोळ घालायचे आणि सब्जाचं पाणी द्यायचे, चार दिवसांत साफ. डॉक्टर लोकांना लिहून मोकळं व्हायचं असतं, पुढे काही झालं तर आम्ही सांगितलं होतं म्हणायला. मी तर म्हणतो पुढच्या वेळी अर्धा चमचा देऊन बघा घरीच, काही नाही झालं तर झालं की काम.

वसईरोड_फास्ट
@कौलारू_चाळ, हे शेवटचं वाक्य प्लीज काढून टाका. कोणीतरी रात्री एक वाजता हे वाचून खरंच करेल.

माझ्या भावाचं सांगतो. तो तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, पायाला गळू झालं म्हणून एका दवाखान्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. आम्ही चपला घालून बाहेर पडतोय तोवर तो म्हणाला तळहात खाजतायत. मग अंगभर गांध्या, मोठ्या मोठ्या, एकमेकांत मिसळलेल्या, ओठ सुजून उलटे झाले, आवाज घोगरा, एक उलटी आणि तो आईच्या अंगावरच कलंडला. त्या डॉक्टरांकडे अ‍ॅड्रेनलिन होतं आणि ते त्यांनी लगेच मांडीत दिलं म्हणून आज तो आहे. तेव्हापासून त्याच्या पाकिटात चिठ्ठी असते. तुमच्या मुलाचं तसं नसेलही, पण अ‍ॅलर्जी बिलर्जी काही नसतं म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

उपनगरी_बालरोग
मी बालरोगतज्ज्ञ आहे, पश्चिम उपनगरात प्रॅक्टिस करतो. ऑनलाइन निदान करणार नाही, पण या विषयावर रोज एक तरी फाईल समोर येते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की वरच्या दोन्ही गोष्टी, म्हणजे गोरेगावच्या ताईंचा मुलगा आणि वसईकरांचा भाऊ, या सर्वस्वी वेगळ्या आहेत आणि तरी दोघांच्या फाईलवर तेच दोन शब्द लिहिलेले असणार. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. भावाला झालं ती तात्काळ होणारी खरी अ‍ॅलर्जी. औषध अंगात गेल्यावर बहुतेक वेळा तासाभराच्या आत, गांध्या, ओठ-डोळे सुजणं, आवाज बदलणं, धाप, उलटी, चक्कर. अशा माणसाने पेनिसिलिनपासून लांबच राहायचं, चिठ्ठी बाळगायची, आणि पुढे काय ते अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे ठरवायचं. तिथे अंदाजपंचे काही नाही.

ताईंच्या मुलाचं चित्र असं की ताप येऊन गेलेला, औषध पाच-सहा दिवस चाललेलं, मग बारीक सपाट पुरळ, खाज कमी, पोरगा खेळतोय. लहान मुलांत असं पुरळ बहुतेक वेळा ज्या व्हायरसमुळे ताप आला त्याचंच असतं. सर्दी-कानाचे बहुतेक आजार व्हायरल नाहीतर व्हायरलवर चढलेले असतात आणि त्याच दिवसांत आपण अँटिबायोटिक सुरू केलेलं असतं, त्यामुळे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि दोष जातो गुलाबी बाटलीला. अगदी तान्ह्या मुलांत ताप उतरल्यावर पुरळ देणारा रोझिओला असतो, त्या वेळी औषध चालू असलं की हमखास हाच गैरसमज. एपस्टाइन-बार नावाचा एक व्हायरस आहे, घसा, गाठी, ताप, तो अंगात असताना अमॉक्सिसिलिन किंवा अ‍ॅम्पिसिलिन दिलं तर बऱ्याच जणांना अंगभर पुरळ येतं, आणि व्हायरस गेल्यावर तेच औषध त्यातल्या बहुतेकांना काहीही न होता चालतं. मुंबईत या महिन्यांत डेंग्यूचं पुरळही डोक्यात ठेवावं लागतं, ते वेगळंच.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी अशीच मुलं घेतली, अमॉक्सिसिलिनवर पुरळ आलं म्हणून अ‍ॅलर्जीचा शिक्का बसलेली, एकूण ८१८, आणि देखरेखीखाली पुन्हा औषध देऊन बघितलं. ९४ टक्के मुलांना काहीही झालं नाही. १७ जणांना लगेच काहीतरी झालं, ३१ जणांना नंतर, आणि तेही बहुतेक सौम्य. २०१६ साली ते छापून आलं. म्हणजे शिक्का बसलेल्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त मुलांचा शिक्का फुकटचा.

आता जुलाब. ते अ‍ॅलर्जीत धरायचेच नाहीत. क्लॅव्हुलेनिकमुळे पोट बिघडणं हा साधा दुष्परिणाम आहे.

सासऱ्यांचं: पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आजोबांकडून नातवाकडे अशी येत नाही, घरात कोणाला आहे म्हणून मुलाला औषध नाकारायचं कारण नाही. आणि गंमत म्हणजे सासऱ्यांची स्वतःची खरी असली तरी आता असेलच असं नाही, ज्यांना खरी तात्काळ अ‍ॅलर्जी असते त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्के लोकांची दहा वर्षांत निघून जाते. धाकटीला गरज पडली तर बिनधास्त, अर्थात तिच्या डॉक्टरांनी दिलं तर.

लॅबचं पॅकेज करू नका. पैसे जाऊदेत म्हणताय पण पैसेच जातील आणि वर धूळ, झुरळ, शेंगदाणा, वांगं असं काहीतरी पॉझिटिव्ह घेऊन याल, मग वांग्याची भाजी पण बंद. पेनिसिलिनसाठी रक्तातली आयजीई (तात्काळ अ‍ॅलर्जीतलं प्रतिपिंड) टेस्ट असते पण निगेटिव्ह आली म्हणून अ‍ॅलर्जी नाही असं म्हणता येत नाही, आणि अशा उशिरा आलेल्या सपाट पुरळासाठी तर तिचा काहीच उपयोग नाही. खरं उत्तर देणारी गोष्ट एकच, मूल ठणठणीत असताना हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर तेच औषध तोंडाने देऊन बघणं. याला ओरल चॅलेंज म्हणतात. सौम्य पुरळ असलेल्या मुलांना त्याआधी त्वचेची टेस्ट पण लागत नाही. घरी अर्धा चमचा हा प्रकार मात्र अजिबात नको.

मला ताईंकडून तीन गोष्टी हव्यात. पुरळाचा फोटो आहे का. ताप उतरायला दुसरं काय दिलं होतं, कारण मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन यांनीही अंगावर उठू शकतं आणि आपल्याकडे पॅरासिटॅमॉल-मेफेनॅमिकचं मिक्स सिरप घराघरात असतं. मेफेनॅमिकच्या एका गंभीर रिअ‍ॅक्शनबद्दल तर २०२३ च्या शेवटी सरकारी फार्माकोपिया कमिशनने इशाराही काढला होता. आणि तिसरं, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं, सांधे सुजणं यातलं काही होतं का? यातलं काही असेल तर मी वर जे चॅलेंजचं लिहिलं ते तुम्हाला लागू नाही, अशा मुलांना ते औषध परत द्यायचंच नसतं.

निवृत्त_बेस्टवाला
डॉक्टरसाहेब एक शंका. एवढं हॉस्पिटल बिस्पिटल कशाला, इंजेक्शनच्या आधी हातावर बारीक टोचून टेस्ट डोस बघतात की. माझ्या प्रत्येक अ‍ॅडमिशनला केलाय. फुगलं नाही तर चालतं, फुगलं तर नाही. सोपं.

उपनगरी_बालरोग
काका, तो आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि कागदोपत्री समाधानासाठी चालू आहे. बाटलीतलं औषध पातळ करून हाताच्या कातडीत टोचतात, कितीदा ते नुसत्या चुरचुरीनेच लाल होतं, आणि काही झालं नाही म्हणून नंतरचा पूर्ण डोस सुरक्षित अशी हमी मिळत नाही. खरी त्वचा चाचणी असते, ती ठरावीक घटक ठरावीक प्रमाणात घेऊन, शेजारी तुलनेला सलाईन आणि हिस्टामिनचा ठिपका ठेवून करतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी मोजतात. ती ज्याला तात्काळ रिअ‍ॅक्शनचा इतिहास आहे त्याच्यासाठी. सरसकट प्रत्येक पेशंटला टोचण्यात अर्थ नाही. टेस्ट डोस दिला म्हणून जवळ अ‍ॅड्रेनलिन न ठेवणारी ठिकाणं मी बघितली आहेत, भीती त्याची वाटते.

गोरेगावची_आई
बापरे, एवढं कोणी आम्हाला सांगितलंच नव्हतं. थँक्यू डॉक्टर.

फोटो आहेत, बहिणीला पाठवले होते म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख-वेळेसकट सापडले. पहिला फोटो संध्याकाळचा, औषध सुरू केल्याला सहावा दिवस, म्हणजे सकाळचा डोस होऊन दहा-अकरा तास झाले होते. तोंडात फोड नव्हते, डोळे नॉर्मल, सांधे वगैरे काही नाही, कातडी पण नाही सोलली. मेफेनॅमिकचं मिक्स सिरप दिलं होतं पण पहिल्या दोन रात्रीच, ताप गेल्यावर नाही. पुरळ तीन-चार दिवसांत आपोआप फिकट होत गेलं, काळा डाग वगैरे मागे राहिला नाही.

शाळेच्या फॉर्मचं काय करू? आणि मध्ये परत घसा आला तर? मागच्या आठवड्यात खोकल्याला त्याच नर्सिंग होमने फाईल बघून अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून दिलंय, अजून आणलं नाहीये.

उपनगरी_बालरोग
छान, वेळ माहीत असणं फार मोठी गोष्ट आहे, दहापैकी आठ पालकांना ती आठवत नाही. तुम्ही सांगताय त्यावरून चित्र कमी धोक्याचं दिसतंय, पण मुलाला तपासून हे म्हणायचं काम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं.

फॉर्ममध्ये खोटं लिहू नका आणि नुसतं पेनिसिलिन अ‍ॅलर्जी असंही लिहू नका. काय झालं ते लिहा: अमुक महिन्यात अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनिक घेताना सहाव्या दिवशी सौम्य पुरळ, सूज नाही, श्वासाचा त्रास नाही, तपासणी व्हायची आहे. पुढचा कुठलाही डॉक्टर या एका ओळीवर निर्णय घेऊ शकतो, दोन रेघा मारलेल्या लाल अक्षरांवर नाही. तपासणी होईपर्यंत मात्र अमॉक्सिसिलिन देऊ नका.

अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल: साध्या खोकल्याला कुठलंच अँटिबायोटिक लागत नाही, बहुतेक व्हायरल असतो, तेव्हा आणलं नाहीत ते बरंच झालं, पण एकदा दाखवून घ्या. शिक्क्याचा खरा तोटा हाच बघा. अमॉक्सिसिलिन स्वस्त, जुनं, कानाला-घशाला-न्यूमोनियाला पहिलं औषध. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे गट केलेत, त्यात ते नेहमी वापरायच्या गटात आहे, आणि त्याऐवजी जे दिलं जातं ते अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही जपून वापरायच्या गटात. म्हणजे एका पुरळामुळे पोरगा पुढची कित्येक वर्षं प्रत्येक आजाराला वरच्या पायरीचं औषध घेणार, त्यातली काही कानाच्या जंतूंवर अमॉक्सिसिलिनइतकी चालतही नाहीत.

केमिस्ट_पूर्वेचा
काउंटरच्या आतल्या बाजूने बोलतो. लोक येतात आणि सांगतात पोराला पेनिसिलिन चालत नाही, आणि दुसऱ्या हातात गेल्या वर्षीचं प्रिस्क्रिप्शन, यातलं हे सिरप द्या, त्याने बरं वाटलं होतं. बघतो तर अमॉक्सिसिलिन. त्यांना माहीतच नसतं कारण खोक्यावर पेनिसिलिन असं कुठे छापलेलंच नसतं. ब्रँडचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात काय आहे ते वाचा, अमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, पिपरासिलिन, सगळी एकाच घरातली. एकाच ब्रँड नावाला मागे एक अक्षर जोडलं की आतलं औषध बदलतं, साधं वेगळं, क्लॅव्हवालं वेगळं. लाल उभी रेघ दिसली की ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही. आणि हो, ड्राय सिरप, क्लॅव्हवालं पाणी घातल्यावर फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसच, मागच्या वेळचं उरलेलं परत देणारे महाभाग रोज भेटतात.

एक विचारायचं होतं डॉक्टरांना, ज्यांना पेनिसिलिन नाही त्यांना सेफालोस्पोरिन, म्हणजे सेफिक्झिम वगैरे त्या दुसऱ्या कुळातली अँटिबायोटिकं, द्यायची की नाही? आम्हाला शिकवलं होतं दहा टक्के लोकांना दोन्ही बाधतं.

उपनगरी_बालरोग
तो दहा टक्क्यांचा आकडा जुना. आता तो दोन टक्क्यांच्या आसपास किंवा कमी मानतात. दोन्ही कुळांच्या रेणूंतली मधली रिंग सारखी म्हणून तेव्हा सगळे घाबरायचे, पण शरीर बहुतेक वेळा ओळखतं ते त्या रिंगला जोडलेल्या बाजूच्या साखळीला. सेफाड्रॉक्सिलची ती साखळी हुबेहूब अमॉक्सिसिलिनसारखी आहे, सेफालेक्सिन आणि सेफाक्लोरची अ‍ॅम्पिसिलिनसारखी, म्हणून अमॉक्सिसिलिनची खरी तात्काळ अ‍ॅलर्जी असेल त्याला ही तिन्ही टाळायची. तुमच्याकडे सेफाड्रॉक्सिलची सिरपं भरपूर खपतात, तेव्हा लक्ष ठेवा. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची साखळी वेगळी. सेफाक्लोरचं आणखी एक, लहान मुलांत त्याने आठ-दहा दिवसांनी सांधे सुजून ताप आणि गांध्या असा प्रकार होऊ शकतो.

दहिसर_डोंगर
आमच्या मुलीचं ओरल चॅलेंज झालंय म्हणून लिहिते, कारण नाव ऐकून मी पण घाबरले होते. तिला दोन वर्षांची असताना असंच झालं होतं, तेव्हा सात वर्षांची झालेली, आणि तोपर्यंत प्रत्येक डॉक्टरसमोर आम्ही तीच टेप लावायचो.

सर्दी-ताप काही नको, पुरळ येऊन महिना-दीड महिना तरी उलटलेला हवा, आणि आधीचा आठवडाभर सेट्रिझिन बंद ठेवायला सांगितलं होतं, ते चालू असलं तर रिअ‍ॅक्शन झाकली जाते म्हणे. सकाळी डे-केअरला बेड दिला. सिस्टरने वजन केलं, अंग पूर्ण बघून घेतलं कुठे आधीचाच डास चावल्याचा चट्टा नाही ना (दहिसरला राहून चट्टा नसेल कसा, ढोपरावर दोन होते, त्याला पेनाने गोल करून ठेवलं). बीपी, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप. शेजारच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिन आधीच सिरिंजसकट काढून ठेवलेलं होतं, ते बघून माझ्या पोटात गोळा आला पण डॉक्टर म्हणाले हे तयार दिसतंय म्हणूनच इथे करायचं. आधी डोसचा दहावा भाग दिला, जेमतेम तळ झाकेल एवढं. वीस मिनिटं थांबलो. मग उरलेलं सगळं. नंतर तासाभराहून जास्त बसवून ठेवलं, दर थोड्या वेळाने पोट-पाठ बघायचे. मुलगी मोबाईलवर कार्टून बघत होती, तिचं एकच म्हणणं, याची चव बुळबुळीत आहे.

काही झालं नाही. घरी गेल्यावर पुढचे काही दिवस अंगावर लक्ष ठेवा सांगितलं, कारण उशिरा येणारं पुरळ तेव्हा दिसतं. तेही नाही आलं. डिस्चार्ज कागदावर स्पष्ट लिहून घेतलं की अमॉक्सिसिलिन चालतं. पण खरं काम त्यानंतर, शाळेचं कार्ड, जुनी फाईल, दाताच्या डॉक्टरांचा कॉम्प्युटर, सगळीकडून ते खोडून घ्यावं लागलं, आणि आई अजूनही फोनवर नातेवाइकांना सांगते तिला पेनिसिलिन चालत नाही.

नाईटड्यूटी_सिस्टर
वरच्या ताईंनी लिहिलेलं अगदी बरोबर. मी महापालिकेच्या हॉस्पिटलात बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात आहे, त्यात एक वेगळी बाजू टाकते.

ऱ्हुमॅटिक हार्टची मुलं येतात आमच्याकडे, घसा दुखण्याकडे दुर्लक्ष झालं आणि पुढे सांधे, मग हृदयाची झडप, अशी. त्यांना दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, कंबरेत, आणि ते दुखतं, खोटं कशाला बोला. एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगी दुसरी गोष्ट त्यांच्याकडे नाही. आता अशा मुलाच्या जुन्या कागदावर कोणीतरी कधीतरी अ‍ॅलर्जी लिहून ठेवलं असेल तर काय होतं, इंजेक्शन बंद, मग रोज दोन वेळा गोळी, आणि ज्या घरात आई-बाप दोघं पहाटे कामाला निघतात तिथे रोजची गोळी किती दिवस नियमित जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा पुरळ आलं म्हणून पटकन लिहून मोकळं होणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि दुसरी बाजू पण, कारण वसईकरांचं मला पटलं. खरी रिअ‍ॅक्शन आली तर आमच्या ट्रेमध्ये पहिलं अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. एव्हिल (खाज-गांध्यांवरचं अँटिहिस्टामिन) आणि स्टिरॉइड नंतर. अजून बऱ्याच दवाखान्यांत आधी एव्हिल देऊन वाट बघत बसतात, ती वाट बघण्यातच वेळ जातो. घरी असं झालं तर मुलाला आडवं झोपवा, पाय वर, धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवत नेऊ नका. १०८ लावा किंवा जवळ जे हॉस्पिटल असेल तिथे लगेच.

कौलारू_चाळ
ठीक आहे, अर्ध्या चमच्याचं मागे घेतलं. कडुलिंबाचं मागे घेणार नाही.

वसईरोड_फास्ट
@कौलारू_चाळ 🙏 कडुलिंब चालेल.

@उपनगरी_बालरोग, भाऊ आता अडतीस वर्षांचा आहे. ते दहा वर्षांत निघून जातं म्हणालात ते त्याला पण लागू? त्याला सांगितलं तर म्हणतो मला काही बघायचं नाही, चाललंय ते बरंय.

उपनगरी_बालरोग
लागू असू शकतं, पण त्याने थेट औषध घेऊन बघायचं नाही. आधी अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे त्वचेची चाचणी, ती निगेटिव्ह आली तरच पुढे हॉस्पिटलात चॅलेंज. त्याला नको असेल तर जबरदस्ती नाही, चिठ्ठी पाकिटात राहूदे. फक्त त्या चिठ्ठीवर काय झालं, किती वेळात झालं आणि कुठलं औषध होतं हे लिहिलेलं आहे का बघा. ऑपरेशन वगैरेची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर तेच विचारतात.

मुलुंड_दोनखोल्या
हेच विचारायचं होतं. आमच्या सहा वर्षांच्या मुलाचं अ‍ॅडेनॉइड-टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या महिन्यात, त्याच्या फाईलवर पण पेनिसिलिन अ‍ॅलर्जी आहे. तीन वर्षांचा असताना अमॉक्सिसिलिनवर गांध्या उठल्या होत्या, म्हणजे उठलेल्या, खाजणाऱ्या, इथली जाऊन तिथे यायच्या, पण औषधाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी. एवढ्या वेळात चॅलेंज करून घ्यायचं की ऑपरेशन होऊ द्यायचं?

उपनगरी_बालरोग
चॅलेंजसाठी ऑपरेशन थांबवायची गरज नाही. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडला अँटिबायोटिक दरवेळी लागतंच असं नाही, सर्जनला सरळ विचारा देणार आहात का. एखाद्या शस्त्रक्रियेला द्यावं लागलंच तर बहुतेक वेळा सेफाझोलिन देतात, त्याची बाजूची साखळी बाकी कोणासारखीच नाही, त्यामुळे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेल्यांनाही ते सहसा देता येतं, अपवाद कातडी सोलणाऱ्या वगैरे गंभीर रिअ‍ॅक्शनचा. भूलतज्ज्ञांना आधीच्या भेटीत हे सगळं सांगा, ऑपरेशनच्या सकाळी नाही.

गांध्यांचं म्हणाल तर मुलांत गांध्यांचं सगळ्यात नेहमीचं कारणही इन्फेक्शनच असतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उठलेल्या म्हणजे डोसनंतर तासाभरात उठलेल्या नव्हेत, बरोबर ना? त्याआधीचा शेवटचा डोस आणि पहिली गांधी यात किती तास होते ते आठवतंय का बघा, मिसेसना विचारा. तासाभराच्या आत असेल तर आधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञ, नसेल तर टाके-बिके बरे झाल्यावर दोनेक महिन्यांनी निवांत चॅलेंजचं बघता येईल.

मुलुंड_दोनखोल्या
मिसेस म्हणते सकाळी उठल्याउठल्याच होत्या अंगावर, डोस आदल्या रात्री जेवणानंतरचा. सर्जनची अपॉइंटमेंट शनिवारी आहे, तेव्हाच विचारून घेतो भूलवाल्या डॉक्टरांची भेट कधी ते.